कीबोर्डला लावलेलं गंध

माझा कीबोर्ड माळ्यावर टाकला गेला, तोही खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आणि मला न विचारता. हे पहिल्या ओळीतच लिहून ठेवतो. पुढे माझा आवाज चढला तर म्हातारा उगाच तापतो असं कुणी म्हणायला नको.

घरात झाडलोट चालली होती. नवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊनपुसून देवीपुढे मांडायची, त्यांना गंध-कुंकू लावायचं आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, अशी आमची रीत. शेजारपाजारचे तमिळ लोक हिला आयुधपूजा म्हणतात. आम्ही तंजावरात इतक्या पिढ्या काढल्या तरी खंडेनवमीच म्हणतो. तर मी न्हाव्याकडे गेलो होतो. सणाची गर्दी, बसून राहावं लागलं. घरी येऊन बघतो तर टेबलावर माझा कीबोर्ड नाही. त्याच्या जागी एक काळी पट्टी. जाडी अप्पळमाएवढी, म्हणजे इकडच्या पापडाएवढी. अप्पळम निदान तळल्यावर फुगतं तरी.

मुलगा म्हणाला, "आप्पा, नवीन आणलाय. वायर नाही, आवाज नाही."

ज्या दोन गोष्टींसाठी मी जुना धरून ठेवला होता, नेमक्या त्याच नाहीत हे सांगून तो मला खूश करत होता.

जुना कुठाय, विचारलं. त्याने बोट वर केलं. माळ्यावर, बंद पडलेल्या ग्राइंडरच्या शेजारी, फाटक्या टॉवेलात गुंडाळून. मेलेल्या माणसालासुद्धा लोक नवं कापड घालतात.

आता तुम्ही म्हणाल, कीबोर्डासाठी एवढं काय. तेच तर मला सांगायचं आहे, पण त्याच्या आधी माझ्याबद्दल दोन शब्द लिहावे लागतील.

मी पाचवीपर्यंत शिकलो, तीही धड नाही. वडील गेले आणि मला एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये झाडू मारायला ठेवलं. राजवाड्याच्या मागच्या अंगाला, माडीवर होती ती. सकाळी पोरं-पोरी यायची आणि सगळी माडी खडखडायला लागायची. मास्तर हातात पट्टी घेऊन रांगांमधून फिरायचे. बटणांकडे बघितलं की बोटांवर पट्टी बसायची. दुपारी माडी रिकामी. तेव्हा मी यंत्रं पुसायचो, तेल द्यायचो, आणि पुसता पुसता शिकलो. मला पट्टी मारायला कुणी नव्हतं, तरी मी बटणांकडे बघितलं नाही. भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायचो. परीक्षेला बसायला शाळेचा दाखला लागतो म्हणाले, तर बसलो नाही. दाखला नव्हता म्हणून बोटं काही अडून राहिली नाहीत.

मग कोर्टाच्या भिंतीला लागून टेबल टाकलं आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज टाइप केले. तमिळमध्ये. कावेरीच्या कालव्यांवरच्या गावांमधून लोक यायचे, सायकलवरून, मोपेडवरून, पहिल्या बसने. कुणाच्या जमिनीवर भावाचं नाव लागलेलं, कुणाचं म्हातारपणाचं पेन्शन थांबलेलं, कुणाच्या शेताला पाणी पोचत नाही. आता वयामुळे कोर्टापर्यंत जाणं होत नाही, म्हणून पुढच्या खोलीत टेबल आहे. ओळखीचे लोक घरी येतात. काम कमी झालं आहे. बंद झालेलं नाही. या दोहोंमधला फरक आमच्या घरात कुणाला कळत नाही.

टाइपरायटर गेला तो काही माझ्या मर्जीने गेला नाही. रिबन मिळेना, आणि ऑफिसात लोक टाइप केलेल्या कागदाकडे वास येत असल्यासारखे बघायला लागले. तेव्हा कॉम्प्युटर घेतला. मुलाने सगळं आणलं, पण कीबोर्ड मी त्याला आणू दिला नाही. त्यासाठी मी स्वतः त्रिचीला गेलो. तिथे एक दुकान होतं, ऑफिसांमधून निघालेलं सामान विकणारं. कोपऱ्यात कीबोर्डांचा ढीग, धूळ बसलेला. दुकानदार म्हणाला, कुठलाही घ्या, सगळे सारखेच. सगळे सारखे असते तर मी बस कशाला पकडली असती?

कीबोर्ड कसा निवडावा हे कुणी शिकवत नाही. लोक रंग बघतात. हल्ली खालून दिवेसुद्धा लागतात, लाल, निळे, हिरवे. दिवाळीत फटाक्यांच्या दुकानापुढे उभं राहिल्यासारखं वाटतं. मी डोळे मिटतो. दोन्ही हात ठेवतो आणि सगळ्यात आधी करंगळीखालचं बटण दाबतो. करंगळी सगळ्यात अशक्त. तिच्याखालचं बटण कुरकुर न करता खाली गेलं आणि परत वर आलं, तर बाकीच्यांची काळजी नाही. मग स्पेसचं लांब बटण. ते मधोमध कुणाचंही चालतं; टोकाला दाबून बघायचं. लुच्चा कीबोर्ड असेल तर टोकाला अडकतो. मग उचलून बघायचा. हलका असला तर ठेवायचा खाली. हलका कीबोर्ड टाइप करताना टेबलभर पळत सुटतो, आणि त्याच्या मागे माणसाने पळायचं काय? माझा जो निघाला तो एवढा जड होता की परतीच्या बसमध्ये मांडीला रग लागली. पिवळट पडलेला, उंच बटणांचा, प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग.

आणि आवाज. आवाजासाठीच मी तो घेतला. बटण अर्ध्यात पोचलं की टक्‌ असा आवाज यायचा, आणि तेव्हाच अक्षर पडायचं. हे नीट समजून घ्या. बोट तळाला आपटलं की जो होतो तो आवाज वेगळा, तो कुठल्याही डब्याचा होतो. याचा आवाज अक्षर पडल्याचा होता. कानाला कळायचं की पडलं. म्हणून मला स्क्रीनकडे बघावं लागायचं नाही. मी समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघून टाइप करतो. तो सांगतो, मी ऐकतो, बोटं आपली चालत राहतात. माणूस कुठे अडखळला, कुठे खोटं बोलला, कुठे त्याला रडू आलं आणि त्याने ते गिळलं, हे सगळं त्याच्या तोंडावर दिसतं. स्क्रीनवर काय दिसतं? माझा मुलगा मोठ्या कंपनीत आहे, आणि अजून दोन बोटांनी टाइप करतो, भाताची लावणी केल्यासारखं एकेक बटण शोधून त्यात बोट खोचतो. त्याने मला कीबोर्ड निवडून द्यावा?

आणखी एक सांगतो, मग पुढे जातो. हल्लीची पोरं तमिळ लिहितात ते इंग्रजी अक्षरांनी. आईला हाक मारायची तर आधी इंग्रजी अक्षरं दाबायची, मग कॉम्प्युटर दयाळूपणे त्याचं तमिळ करून देतो. शेजारी राहणाऱ्या आपल्याच आईला भेटायला लंडनमार्गे जायचं. मी कॉम्प्युटरात जुन्या टाइपरायटरची मांडणी घालून घेतली. मराठीची मांडणी पुढे म्हातारपणी शिकलो, कारण देवनागरी मला वडिलांनी पोथीवरून शिकवली होती आणि ती वाया जाऊ द्यायची नव्हती. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला ती वाचता येत नाही. त्यामुळे हे जे लिहितो आहे ते मला मोकळेपणाने लिहिता येतं, एवढा एक फायदा आहे.

माझ्या कीबोर्डावर अक्षरं राहिलेली नाहीत. बोटांनी सगळी पुसली गेली. सून लग्न होऊन आली तेव्हा तिने विचारलं होतं, मामंजी, यावर काहीच लिहिलेलं नाही, तुम्हाला कळतं कसं? त्या दिवशी जेवण बरं गेलं.

सुनेचं माहेर पापनाशमचं, आमच्यातलंच. मराठी सगळी समजते, उत्तर तमिळमध्ये देते. गुणाची आहे. आधीच सांगतो, कारण भांडणाचं मूळ तिच्यापाशी आहे आणि तिचा त्यात दोष नाही. ती घरातून काम करते, चेन्नईच्या एका कंपनीचं. कानाला हेडफोन लावून दिवसभर मीटिंगा. इंटरनेट फक्त पुढच्या खोलीत नीट येतं, म्हणून तिचं टेबल एका भिंतीला आणि माझं दुसऱ्या. तिच्या मीटिंगमध्ये माझ्या कीबोर्डाचा आवाज जायचा. तिकडच्या कुणी तरी विचारलं म्हणे, घरात सुतार बसवलेत का, त्यांना जरा वेळ थांबायला सांगता येईल का. तिने हसत हसत सांगितलं. तिच्या बाजूने गोष्ट तिथे संपली होती.

सुतार. मी मात्र ते विसरलो नाही. मुलगाही विसरला नसावा. तिने वकील नेमला नव्हता, हा आपण होऊन तिचा वकील झाला.

तर माळ्याकडे बोट करून तो उभा. मी स्टूल आणलं आणि चढलो. या वयात चढू नका वगैरे कुणी म्हणेल असं वाटलं होतं, पण बायको मुकाट्याने आली आणि स्टूल धरून उभी राहिली. ती कमी बोलते. आमच्या लग्नात जे बोलणं झालं त्यातलं बरंचसं मी बोललो आहे. मी कीबोर्ड खाली आणला, फडक्याने पुसला, आणि सांगितलं की उद्या देवीपुढे हाच बसेल. मुलगा म्हणाला, नवा आणला तोच पूजेत बसावा म्हणून. मी म्हणालो, ज्याने एक अक्षर उमटवलं नाही त्याची पूजा कसली? आयुष्यभर राबलेल्याला बाजूला सारायचं आणि काल आलेल्याला हार घालायचा? तो म्हणाला, आप्पा, हा कीबोर्ड आहे. मी म्हणालो, मलाही तेच म्हणायचं आहे.

शेवटी बायको म्हणाली की दोन्ही ठेवू. आमच्या घरातली भांडणं अशीच मिटतात. दोघांपैकी कुणाचंच समाधान होत नाही.

नवमीला सकाळी मी बाजारात गेलो, चुरमुरे आणि केळीची पानं आणायला. दुकानांपुढे लोक दृष्ट काढायला कुंकू भरलेले कोहळे फोडत होते, रस्ता लालभडक. आलो तोवर मांडामांड झाली होती. नवरात्रात इकडे पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्या पायऱ्यांपुढे पाट, पाटावर विळी, कात्री, मुलाच्या गाडीची किल्ली, सुनेचा लॅपटॉप, ती काळी पट्टी, आणि मधोमध माझा कीबोर्ड. इतर सगळ्यांना एकेक टिकली. काळ्या पट्टीला कोपऱ्यात, दिसेल न दिसेल अशी. माझ्या कीबोर्डाला मात्र बटणागणिक गंध, आणि प्रत्येक गंधावर मधोमध कुंकू. अक्षरं गेलेल्या त्या कोऱ्या बटणांवर ओळीने लाल ठिपके. वरून जास्वंदीचं फूल. बायको सहाणेवर अजून चंदन उगाळत बसली होती, गुलाबपाणी घालून, पातळ, वाटीभर.

मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "माळ्यावर टाकलं ना त्याला. म्हणून जरा जास्त केलं."

खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. मी मुलाकडे बघितलं, म्हणजे त्याने माझ्याकडे बघावं म्हणून. त्याने बघितलं नाही. आरती मी त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटली. प्रसादाचं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची कोरडी उसळ, दोनदा मागून घेतलं.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरवायची आणि त्याच हत्याराने थोडं तरी काम करायचं, म्हणजे वर्षभर ते काम देतं. माझी एक पद्धत आहे: दसऱ्याचा पहिला अर्ज मी फुकट करून देतो. पापनाशमच्या पुढच्या एका गावचा एक शेतकरी दर वर्षी नेमका तेव्हाच येतो. हिशेबी माणूस आहे, पण येताना केळीचा घड आणतो, त्यामुळे मी काही म्हणत नाही. या वर्षी त्याच्या गावच्या कालव्यात गाळ भरला होता आणि शेवटच्या शेतांना पाणी पोचत नव्हतं. सोमवारी कलेक्टर लोकांचे अर्ज घेतात, तेव्हा द्यायचा म्हणून तो आला होता. ओट्यावर बसला, पाय वर घेतले, आणि सांगायला तयार झाला.

मी कीबोर्ड लावला. पहिलं बटण दाबलं. खाली गेलं आणि वर आलंच नाही.

दुसरं खालीच जाईना. तिसरं अर्ध्यात थांबून माझ्याकडे बघत बसलं. वाटीभर पातळ गंध रात्रभर बटणांच्या फटींमधून आत झिरपलं होतं आणि दिव्याच्या उबेने सुकलं होतं. स्पेसच्या बटणाचं एक टोक वर आणि एक टोक खाली, तराजूसारखं.

मुलगा बघून हसला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. पण आत जाऊन ती काळी पट्टी घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, माणूस थांबलाय, आत्ता यावर करा. मी म्हणालो, हात लावणार नाही. तो म्हणाला, मग मी करून देतो. दोन बोटांनी. दसऱ्याचा माझा पहिला अर्ज.

तेव्हा मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "ठीक आहे, आप्पा. आज संध्याकाळच्या आत हा चालला तर मी पुन्हा कधी शब्द काढणार नाही. नाही चालला तर भंगारात जाईल, आणि तुम्ही पण शब्द काढायचा नाही."

मी म्हणालो, कबूल. ओट्यावरच्या माणसाला विचारलं, थांबतोस का? तो म्हणाला की त्याला काय, बस संध्याकाळची आहे, आणि अर्ज कशावरही टाइप केला तरी चालेल, अक्षर काळं उमटलं म्हणजे झालं. इतकी वर्षं येतो आहे हा माणूस. त्यालाही फरक कळत नाही. मी बायकोला सांगितलं, याला जेवायला वाढ, म्हणजे तो बोलायचा थांबेल.

चमच्याचा दांडा घालून मी बटणं उपसायला बसलो. एकेक काढून परातीत टाकत गेलो. खालचा भाग म्हणजे कुंकवाचा चिखल. बायको दारात उभी राहून बघत होती. पुन्हा पुन्हा म्हणत होती, मला काय ठाऊक. मी म्हणालो, तुझा दोष नाही. आता वाटतं की ते घाईने बोललो.

सुनेला सुट्टी होती. ती पदर खोचून आली आणि माझ्यासमोर बसली. बटणं साबणाच्या पाण्यात टाकली, जुन्या ब्रशने घासली, आणि गच्चीवर सुपात पसरून उन्हात ठेवली, सांडगे वाळत घातल्यासारखी. खालच्या सांगाड्याला पाणी लावायचं नव्हतं, कापसाने आणि काडीने जेवढं निघालं तेवढं काढलं. सगळं निघालं नाही. फटींच्या तळाशी चंदन बसलंच होतं.

कावळे येऊ नयेत म्हणून सून गच्चीवरच बसली. मग सूप खाली आणलं आणि तिचा चेहरा पडला. म्हणाली, मामंजी, आता कुठलं बटण कुठे लावायचं? यावर तर काहीच लिहिलेलं नाही.

मी म्हणालो, "लिहिलेलं नाही म्हणून तर सोपं आहे. लिहिलेलं असतं तर चुकलो असतो."

तिला पटकन कळलं. मग ती खूप हसली. कोऱ्या बटणांना आपली जागा अशी नसते. ओळ तेवढी सांभाळायची, कारण प्रत्येक ओळीची उंची आणि उतार वेगळा असतो. तिने बटणं उताराप्रमाणे चार ढिगांत लावली, मी एकेक दाबून बसवत गेलो. एखादं चुकीच्या ओळीत गेलं तर बोटाला लगेच ठेच लागायची, मी ते काढून तिच्याकडे द्यायचो. मुलगा मधूनमधून येऊन घड्याळाकडे बघून जात होता. ओट्यावरचा माणूस जेवून झोपला होता.

ऊन उतरायच्या आत शेवटचं बटण बसलं. वायर लावली. मी डोळे मिटले आणि आधी करंगळीखालचं दाबलं.

खाली गेलं. वर आलं. स्क्रीनवर अक्षर होतं.

मी सगळी बटणं दाबून बघितली. स्पेस, दोन्ही टोकांना. सगळी चालली. सुनेने टाळी वाजवली. मुलाने ते बघितलं, काळी पट्टी उचलली आणि म्हणाला, आप्पा, जिंकलात. त्याने शब्द पाळला आहे, अजूनपर्यंत. माझं लक्ष दुसरीकडे होतं. काही तरी कमी होतं, आणि ते काय हे मला कळत नव्हतं.

ओट्यावरच्या माणसाला उठवलं. तो डोळे चोळत समोर येऊन बसला आणि सांगायला लागला. कालव्याच्या कुठल्या वळणापासून गाळ आहे, शेवटचा गाळ कधी काढला, मागच्या वेळी किती जणांनी सह्या केल्या होत्या. मी त्याच्या तोंडाकडे बघत टाइप करायला लागलो. एक वाक्य सांगून तो थांबला. मी बोटं चालवत होतो. तो थांबूनच राहिला. मग पुढे वाकून, तमिळमध्ये मोठ्या माणसाला मारतात तशी हाक मारून म्हणाला, "अय्या, पडलं का?"

तेव्हा मला कळलं. आवाज नव्हता. म्हणजे अगदीच नव्हता असं नाही. ओल्या मातीवर बोट टेकावं तसा काही तरी होता. तो टक्‌ गेला होता. स्प्रिंगांच्या तळाशी जे चंदन राहिलं होतं त्याने तो खाऊन टाकला होता. आणि हा माणूस इतकी वर्षं वाक्य सांगून माझ्या आवाजासाठी थांबत होता. आवाज थांबला की पुढचं सांगायचा. तशी त्याला सवय होती. त्याला नव्हतं ठाऊक, मला नव्हतं ठाऊक.

पूर्ण अर्ज तसा झाला. प्रत्येक वाक्याला, अय्या, पडलं का. पडलं. पडलं का. पडलं. मला स्क्रीनकडे वळून बघावं लागत होतं, खरंच पडलं का म्हणून. मी परत वळलो की त्याच्या तोंडावरचं काही तरी निसटून गेलेलं असायचं. अर्ज बरा झाला. सह्यांसाठी त्याने प्रती नेल्या, बस पकडली. केळी गोड निघाली.

दुसऱ्या दिवसापासून सुनेच्या मीटिंगा सुरू झाल्या. मी माझ्या टेबलावर, ती तिच्या. सुताराबद्दल कुणी विचारलं नाही. ती दुपारी हेडफोन काढून म्हणाली, मामंजी, तुम्ही आज काम केलं नाही का? मी सकाळपासून करत होतो. मुलगा म्हणाला, बघा, तुमचा कीबोर्ड तुमच्याकडे राहिला आणि हिचं काम पण झालं. शेजारच्या मामी आल्या, त्यांना सगळी कथा सांगितली गेली, आणि त्यांनी हात जोडून ठरवून टाकलं की देवीनेच केलं. घरातले सगळे खूश. टाइप करताना हात तापले की कीबोर्डातून चंदनाचा वास येतो, तोसुद्धा लोकांना आवडतो. देवळात आल्यासारखं वाटतं म्हणतात. मला देवळात जायचं असेल तर मोठं देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मला कीबोर्डातून आवाज पाहिजे आहे.

दुरुस्त होईल म्हणून मी पुन्हा काडी-कापूस घेऊन बसलो. नाही निघत. त्रिचीचं ते दुकान कधीच बंद झालं. म्हणजे मी पैज जिंकलो, कीबोर्ड माझ्या टेबलावर राहिला, आणि तो आता तेच करतो जे ती काळी पट्टी करणार होती. यात जिंकलो म्हणायचं ते कशाला?

परवा बायको फुलं ओवत बसली होती. मी कालव्यावरच्याच आणखी कुणाचा अर्ज करत होतो, आवाजाशिवाय. ती मान वर न करता म्हणाली, "पुढच्या वर्षी पण असंच लावू ना गंध?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. आयुष्यभर हाच धंदा केला, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं आणि खरं काय ते ओळखायचं. जमिनीचे वाद घेऊन आलेले बेरकी लोक माझ्यापुढे बसून उघडे पडलेले आहेत. मी बघत राहिलो. ती फुलात दोरा ओवत राहिली. इतकी वर्षं इन्स्टिट्यूटच्या माडीवरल्यासारख्या खडखडाटात हिने स्वयंपाक केला, पूजा केली, दुपारची झोप काढली, आणि त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. तेव्हाही नाही आणि आताही नाही. मला काहीच ओळखता आलं नाही.

मी उठलो, देवघरातली सहाण आणि चंदनाचं खोड उचललं, आणि बंद पडलेल्या ग्राइंडरच्या शेजारी माळ्यावर ठेवून आलो. तिला न विचारता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून येतो तर सहाण देवघरात आपल्या जागी, वर ओलं चंदन. बायकोच्याने एकटीने माळ्यावर चढवत नाही, तिचे गुडघे गेले आहेत. स्टूल कुणी धरलं होतं, हे घरात कुणीही सांगायला तयार नाही.